गाडीने धरलेला हात

आमची पहिली गाडी बाबांनी विकायला काढली, कारण ती कारखान्याच्या फाटकासमोर तापली. दुसऱ्या कुठल्याही फाटकासमोर तापली असती तर त्यांनी तिला माफ केलं असतं.

बाबांची सगळी नोकरी खडकीच्या दारूगोळा कारखान्यात गेली, तीही तपासणी खात्यात. तिथे खिशात काडेपेटी असणं हा गुन्हा, बुटाला लोखंडी खिळा असणं हाही गुन्हा. निवृत्तीनंतर एका जुन्या सहकाऱ्याच्या निरोपसमारंभाला बाबा मोठ्या ऐटीत गाडी घेऊन निघाले आणि नेमकं फाटकासमोर बॉनेटमधून वाफेचे लोट यायला लागले. पहारेकऱ्यांनी शिट्ट्या मारल्या, बादल्या आणल्या आणि गाडीवर वाळू ओतली. आग लागलीच तर बादली कशी धरायची, वाळू कुठून ओतायची, हे त्या पहारेकऱ्यांना बाबांनीच शिकवलं होतं. बाबा समारंभाला गेलेच नाहीत. गाडी मागून ओढत आणायला सांगून रिक्षाने घरी आले, दारात उभं राहून पँटच्या घड्यांमधली वाळू झटकली आणि म्हणाले, "ही गाडी विकायची."

गाडी खरं तर माझी होती. मी तेव्हा हिंजवडीत एका सॉफ्टवेअर कंपनीत नव्यानेच लागले होते. पहिल्या वर्षाच्या शिलकीतून एक पांढरी, छोटी, दोन मालकांनी वापरलेली गाडी मी घेतली होती. कागदावर नाव माझं. पण घरातली कुठली वस्तू विकायची ते बाबा ठरवणार, असा आमच्याकडे रिवाजच होता. मी विक्रीच्या कागदावर सही करणार नाही म्हटलं तेव्हा बाबांनी जेवण सोडलं. भांडण नाही, आरडाओरडा नाही, ताटावरून शांतपणे उठणं. माझा असा संताप झाला की काय सांगू! पण उपाशी बापाशी भांडता येत नाही. शेवटी मी मान डोलावली आणि बाबा जेवले, वर भात मागून घेतला.

मी कंपनीच्या बसने जायचे. त्यामुळे गाडी दिवसभर आमच्या धायरीच्या सोसायटीत पार्किंगमध्ये उभी असायची आणि ती चालवायची आई. म्हणजे शिकत होती. पक्क्या लायसन्सची परीक्षा पुढच्याच आठवड्यात होती. आई मूळची विदर्भातली, लग्न करून खडकीच्या क्वार्टर्समध्ये आली आणि तेव्हापासून जिथे जाईल तिथे बाबांच्या मागे बसून गेली, आधी सायकलवर, मग स्कूटरवर. मावशी अजून खडकीलाच राहते. तिच्याकडे जायचं तर आईला आधी बाबांचा मूड बघावा लागे, मग स्कूटरचा. आता तिने बेत केला होता की लायसन्स मिळालं की पहिल्या दिवशी एकटीने मावशीकडे जायचं आणि कुणालाही न विचारता परत यायचं. ती गाडी दुसऱ्या गिअरच्या वर नेत नसे. मी तिसरा टाक म्हटलं की म्हणायची, "तिसऱ्यात काय ठेवलं आहे? पोचतो ना आपण?" मला तिचा फार अभिमान वाटायचा, मागे हॉर्न वाजवणाऱ्यांची रांग लागली तरी.

गाडी विकायची म्हटल्यावर आई एक अक्षर बोलली नाही. तिचं गप्प बसणं मला ठाऊक होतं. क्वार्टर सोडून धायरीच्या फ्लॅटमध्ये आलो तेव्हा जागा पुरत नाही म्हणून बाबांनी तिची शिलाई मशीन विकली होती. तेव्हाही ती अशीच गप्प होती. मशीन न्यायला आलेल्या लोकांना तिने पोहे केले होते, वर खोबरं पेरून.

रविवारी संध्याकाळी गिऱ्हाईक येणार असं ठरलं. हिंजवडीचेच एक शेतकरी, ज्यांच्या जमिनीवर आता काचेच्या इमारती उभ्या होत्या. त्यांना दुधाचे कॅन वाहायला एक जुनी गाडी हवी होती. मी सोमवार ते शुक्रवार त्यांच्या शेतात बसून काम करायचे आणि रविवारी ते माझी गाडी न्यायला येणार होते.

दरम्यान मी ऑफिसात बसून कामाऐवजी गाड्या का तापतात याचा अभ्यास केला. आमच्या गाडीची लक्षणं सगळी थर्मोस्टॅटकडे बोट दाखवत होती. इंजिन तापलं की हा चिमुकला झडपवजा पार्ट उघडतो आणि पाणी रेडिएटरकडे सोडतो. आमचा बहुतेक बंद अवस्थेतच अडकून बसला होता. मी पानंच्या पानं छापून घरी आणली. आईने ती चाळली नाहीत, एकच विचारलं.

"एवढा एक डबा बदलला तं गाडी तापत नाही?"

"नाही."

"मंग बाबा विकत नाहीत?"

"तापली नाही तर कशाला विकतील?"

"मंग आण ना. पाहत काय बसली?"

कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्याने सांगितलं की थर्मोस्टॅट काढून फेकून द्यायचा असतो, आपल्या हवेत तो लागतच नाही, आणि फेकायचं कामही तो बुधवारी करेल. बुधवारपर्यंत गाडी दुधात गेली असती. म्हणून शनिवारी मी नाना पेठेत स्पेअर पार्टच्या दुकानात गेले. थर्मोस्टॅट मागितल्यावर दुकानदाराने चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"लोक काढून टाकतात, आपण विकत घेताय. घरी बरं आहे ना सगळं?"

रविवारी जेवणं झाल्यावर आम्ही दोघी पान्यांची पेटी घेऊन पार्किंगमध्ये उतरलो. पाठोपाठ बाबाही उतरले. त्यांचा या दुरुस्तीला विरोध होता, पण दुरुस्ती होणारच असेल तर ती नियमाने व्हावी असा त्यांचा आग्रह होता. त्यांनी आम्हाला घड्याळं काढायला लावली, केसांच्या पिना काढायला लावल्या, इंजिनाला हात लावून ते गार असल्याची खात्री केली आणि सोसायटीच्या बांधकामातून उरलेली वाळू बादलीत भरून आणली. मग ती बादली हातात धरून गाडीपासून चार हात लांब, अगदी ताठ उभे राहिले.

"बाबा, आपण गाडीतलं पाणी काढतोय. पाण्याला आग कशी लागेल?"

"हेच वाक्य मी नोकरीत अनेकांच्या तोंडून ऐकलंय," बाबा म्हणाले.

थर्मोस्टॅटच्या झाकणाला दोन बोल्ट होते. वरचा बोल्ट माझ्या पहिल्याच झटक्यात निघाला आणि मला वाटलं, गॅरेजवाले उगाच भाव खातात. दुसरा बोल्ट झाकणाच्या खालच्या अंगाला, एका जाड पाइपच्या मागे आणि बॅटरीच्या तळाशी होता. तो दिसत नव्हता, नुसता बोटांना लागत होता. हात घातला तर पाना जात नव्हता. पाना घातला तर हात जात नव्हता. दोन्ही कसेबसे गेले की कोपर बॅटरीला अडायचं आणि पाना हातातून सुटून खाली पडायचा. मी गाडीवर आडवी झाले, गाडीखाली गेले, एकदा तर चक्क पुढच्या चाकाशी बोलले. माझ्या तोंडून जे शब्द निघाले ते ऐकून बाबांनी बादली दुसऱ्या हातात घेतली.

एवढ्यात वरच्या मजल्यावरचे काका खाली आले. ते आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी. कुणी काही करत असेल तर ते खाली येत आणि कुणी काही करत नसेल तर नोटीस लावत.

"पार्किंगमध्ये वाहनदुरुस्ती करू नये असा नियम आहे," काका म्हणाले. मग बाबांकडे वळून आवाज बारीक केला, "आज गिऱ्हाईक येतंय ना? गाडी तापते वगैरे बोलू नका हं. झाकली मूठ सव्वा लाखाची."

"मी त्यांना फोनवरच सांगितलंय, गाडी तापते," बाबा म्हणाले. "मी तपासणी खात्यात होतो."

काकांनी त्यांच्याकडे दयेने पाहिलं.

आई आतापर्यंत बाजूला उभी राहून माझी झटापट बघत होती. ती पुढे आली. हातातल्या काचेच्या बांगड्या तिने एकेक करून उतरवल्या आणि माझ्या ओढणीत ठेवल्या. "सरक," म्हणाली.

हे मला आधी सुचायला हवं होतं. क्वार्टर्समध्ये कुठल्याही लग्नात चुडा भरताना नवरीचा हात मोठा आणि बांगडी लहान निघाली, कासारीण दमली, की आईला बोलावणं यायचं. हात कसा दुमडायचा हे तिच्याइतकं कुणाला कळत नसे. ती हाताला साबण चोळायची, अंगठा तळव्यात घ्यायची, बोटांची मुळं दाबत आणायची आणि शेवटच्या क्षणी नवरीला विचारायची, "मामाचं गाव कोणतं गं?" नवरीला गाव आठवेपर्यंत बांगडी मनगटात गेलेली असायची. त्या क्वार्टर्समधली अर्धीअधिक लग्नं आईच्या या प्रश्नातून पार पडली होती.

तिने उजव्या हाताला भांड्यांचा साबण लावला. दहा नंबरचा आखूड पाना दोन बोटांत धरला, अंगठा आत घेतला आणि पाइपमागे हात सरकवला. सवयीने तोंडातून निघालंच, "मामाचं गाव कोणतं गं?" काका चपापून म्हणाले, "कोणाच्या मामाचं?" तोवर मनगट आत गेलं होतं.

आतून बारीक करकर ऐकू आली. आईचे डोळे मिटलेले. थोड्या वेळाने तिने मान हलवली, म्हणजे बोल्ट सैल झाला. पाना तिने तिथेच पाइपला टेकवला आणि बोटांनी बोल्ट फिरवायला लागली. तेवढ्यात सोसायटीच्या फाटकातून जीप आत आली. बाबा म्हणाले, "आले ते." आईने डोळे उघडले, जीपकडे पाहिलं, बाबांकडे पाहिलं.

"हात अडकला," ती म्हणाली.

मी हळूच ओढून पाहिला, निघेना. जास्त ओढला तर तिने "आई गं!" केलं. जीपमधून पांढऱ्या टोपीतले शेतकरी उतरले, त्यांच्या मागून त्यांची म्हातारी आई उतरली, नऊवारी सावरत. पार्किंगचं दृश्य असं होतं: बाबा वाळूची बादली घेऊन, काका नियम घेऊन, मी ओढणीत बांगड्या घेऊन आणि घरची बाई मनगटापर्यंत गाडीत.

"राम राम," पाहुणे म्हणाले. "जयभीम. या," बाबा म्हणाले, आणि काय बोलावं ते न सुचून पुढे म्हणाले, "गाडी हीच."

मग सुरू झाले उपाय. काकांनी खोबरेल तेल आणवलं. पाहुण्यांनी सांगितलं की रेडकू अडलं की आम्ही एरंडेल लावतो. बाबांचं मत होतं की कुणीही घाई करू नये, कारण अपघात अडकण्याने होत नाहीत, घाईने होतात. हात आता तेलाने असा माखला होता की त्यावर पुऱ्या तळता आल्या असत्या, तरी निघेना. काकांनी अग्निशमन दलाचं नाव काढलं. त्याबरोबर बाबांचा चेहरा पडला. आणखी कुणी त्यांच्या गाडीशी वाळू घेऊन यावं, हे त्यांना सोसणार नव्हतं.

"आधी पाहुण्यांचं पाह," आई बॉनेटमधूनच मला म्हणाली. "पोहे भिजवले आहेत. जाय."

मी पहिल्या मजल्यावरच्या आमच्या स्वयंपाकघरात गेले आणि आई खालून ओरडून सांगत राहिली. मोहरी तडतडू दे. शेंगदाणे जाळू नको. लिंबू फ्रिजच्या दारात आहे. मी आयुष्यात पहिल्यांदा पोहे केले ते असे, खिडकीतून सूचना घेत. शेजारपाजारच्या खिडक्यांमधूनही दोन दुरुस्त्या आल्या.

पाहुणे बशी हातात घेऊन गाडीभोवती फिरले. टायरला हलकेच लाथ मारली, दार उघडून लावून पाहिलं, पाठीवरून हात फिरवावा तसा टपावरून हात फिरवला. "गाडी गुणाची हाय," म्हणाले. "तापती म्हंता, तर पाणी मारीत जाऊ. बाईंचा हात निघाला की न्यायची. बयाणा आत्ताच देतो." त्यांनी सदऱ्याच्या आतल्या खिशात हात घातला.

आई त्यांच्या खिशाकडे बघत होती.

म्हातारी एवढा वेळ आईशेजारी प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसून होती. आईला स्वतःच्या हाताने खाता येईना म्हणून तिने आपल्या बशीतला घास तिला भरवला. "खा गं माय," म्हणाली. "तुझी गाडी हाय व्हय ही?"

"पोरीची हाये. चालवतो मी," आई म्हणाली.

"तू चालीवती?"

"शिकलो ना. पुढच्या आठवड्यात परीक्षा हाये."

म्हातारीने बशी खाली ठेवली. "बघू तरी कुटं आडकलाय," म्हणत उठली आणि आपला सुरकुतलेला बारीक हात आईच्या हातावरून पाइपमागे सरकवला. तोही मनगटापर्यंत सहज गेला. मला वाटलं, आता हिचाही अडकतो. ती आत थोडा वेळ चाचपत राहिली. मग आईच्या तोंडाकडे तिने नीट पाहिलं. हात काढून पदराला पुसला आणि मुलाकडे वळली.

"पैसं आत ठेव. ही गाडी न्हाय घ्याची."

"का गं आई?"

"गाडीनं घरच्या बाईचा हात धरलाय. सोडंना झालीय. आसली गाडी दुसऱ्याच्या दारात न्हाय नांदायची."

बाबांना हे कसं सहन व्हावं! आमच्या घरात शकुन-अपशकुनाला थारा नाही. बाबासाहेबांच्या तसबिरीखाली बसून ते मला लहानपणी सांगत, की कारण शोधावं, कौल लावू नये. गाडी विकायची आहे हे ते क्षणभर विसरले आणि बादली हातात घेऊनच म्हातारीशी वाद घालायला लागले. "आजी, तसं नसतं. ही निव्वळ यांत्रिक अडचण आहे. यंत्राला मन नसतं. ते कुणाचा हात धरत नाही."

"मंग सोडीत का न्हाय?" म्हातारी म्हणाली.

पाहुण्यांनी आईपुढे हात टेकले, म्हणजे स्वतःच्या आईपुढे, आणि जीपकडे वळले. चढताना म्हातारी बाबांना म्हणाली, "इकू नगा. ऐका माझं." जीप गेली. काकाही वर गेले, बहुधा पार्किंगमध्ये पोहे खाऊ नयेत अशी नोटीस लिहायला.

आम्ही तिघंच उरलो. बाबा हताश होऊन म्हणाले, "आता हा हात कसा काढायचा?"

"असा," आई म्हणाली. तिने खांदा जरा खाली केला आणि हात सुळकन बाहेर आला. दोन बोटांच्या चिमटीत बोल्ट होता.

आम्ही दोघं बघतच राहिलो. माझं तोंड उघडं आणि बाबांची बादली कलती, त्यातून वाळू सांडत होती.

"मूठ मिटून होतो," आई म्हणाली. "मिटल्या मुठीनं हात निघते काय कुठं? त्या म्हातारीले कळलं. तिनं चाचपली माही मूठ. दाबली बी थोडी."

"अगं, पण सरळ सांगायचं ना, गाडी विकू नका म्हणून," बाबा म्हणाले.

आईने बोल्ट पदराला पुसला. ती चिडलेली नव्हती. सकाळची भाजी काय ते सांगावं तशी म्हणाली, "मशीन न्यायले आले होते तेव्हा मी पोहे वाढत होतो, अहो. दोन्ही हात मोकळे होते माहे. लोकं मशीन उचलून घेऊन गेले." मग माझ्यापुढे तेलकट मनगट धरून म्हणाली, "बांगड्या दे."

मला रडू आलं. ते लपवायला मी बॉनेटमध्ये वाकले आणि थर्मोस्टॅटचं झाकण उचललं. आत जुना थर्मोस्टॅट गंजून घट्ट मिटून बसला होता.

बाबांनी बादली खाली ठेवली. दुपारपासून पहिल्यांदाच. मी नवा थर्मोस्टॅट खोक्यातून काढून बसवायला घेतला तेव्हा त्यांनी तो माझ्या हातातून घेतला. "तपासल्याशिवाय काहीही बसवायचं नाही," म्हणाले आणि वर गेले. आम्ही मागोमाग गेलो. त्यांनी चहाच्या भांड्यात पाणी घालून गॅसवर ठेवलं, थर्मोस्टॅट दोऱ्याला बांधून त्यात सोडला आणि चष्मा लावून वरून बघत उभे राहिले. पाणी उकळायला लागलं. झडप हळूहळू उघडली.

बाबा झडपेकडे बघत राहिले. वाफेने चष्मा पांढरा झाला तरी त्यांनी तो पुसला नाही.

"मशीन विकायला नको होती मी," ते म्हणाले.

आई बेसिनपाशी हाताचं तेल धूत होती. तिने नळ बंद केला.

"त्या भांड्यात आता चहा नका ठेवू," ती म्हणाली.